दिवाळीत वाचनालय उघडं ठेवावं का, आणि ठेवलं तर आत काय मांडावं?

बखळ (धागाकर्ता)

मंडळी, आमच्या तालुक्याच्या गावातल्या सार्वजनिक वाचनालयाच्या कार्यकारिणीत यंदा माझी वर्णी लागली आहे. (दुसरं कुणी तयार नव्हतं, हे ओघानं आलंच.) दसऱ्यानंतरच्या सभेत दिवाळीच्या कार्यक्रमांचा विषय निघाला आणि गेल्या वर्षीचीच पत्रिका तारखा बदलून मंजूर झाली. वसुबारसेला दिवाळी अंकांच्या प्रदर्शनाचं उद्घाटन, प्रमुख पाहुणे, शाल-श्रीफळ, मनोगत, आभार. मग अंक टेबलावर दोऱ्यानं बांधून ठेवायचे. नरकचतुर्दशी ते भाऊबीज वाचनालय बंद. त्यानंतर प्रदर्शन आवरायचं आणि अंक वाटपाला काढायचे.

माझी अडचण साधी आहे. पुण्या-मुंबईला गेलेली सगळी पोरं त्याच दिवसांत गावात असतात, माहेरवाशिणी आलेल्या असतात, शाळांना सुट्टी असते. आणि नेमकं तेव्हाच आम्ही दार बंद करतो. जे सभासद दिवाळी अंक योजनेचे पैसे भरतात, त्यांच्या हातात अंक पडतो तो सुट्टी संपल्यावर. हे सभेत बोललो तर अध्यक्ष म्हणाले, "मग पाडव्याला तुम्हीच बसा."

बसायला माझी ना नाही. पण बसून करायचं काय? हॉल एक, चाळीसेक खुर्च्या मावतील एवढा. पैसे जवळजवळ नाहीत. जुन्या दिवाळी अंकांची दोन कपाटं मात्र भरलेली आहेत. तुमच्या गावात काय करतात, काय चाललं, काय फसलं, ते सांगा.

खडूस पेन्शनर

मी पयला!

सूचना क्रमांक एक आणि शेवटची: उद्घाटन रद्द करा. आमच्याकडे दरवर्षी पाहुणे उठतात आणि सांगतात की पहिला दिवाळी अंक १९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी 'मासिक मनोरंजन'चा काढला. श्रोत्यांना हे इतकं पाठ झालंय की पाहुण्यांनी "सन..." म्हटलं की मागच्या रांगेतून "एकोणीसशे नऊ" असा कोरस येतो.

चिंचपेटी

काका, हसून हसून पुरेवाट!

मित्र हे मूळचे आजगावकर, हेही सांगतात का?

खडूस पेन्शनर

सांगतात. तिथपर्यंत निम्मे लोक चहाकडे गेलेले असतात.

दाखलनोंद

मी ग्रंथपाल आहे, शासनाच्या प्रतवारीतल्या 'ब' वर्गाच्या वाचनालयात. धागा वाचून हसू आलं आणि थोडा रागही आला, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

अंक दोऱ्यानं का बांधतात? प्रत एकच येते म्हणून. तीनशे-चारशे रुपयांचा अंक सुटा ठेवला तर संध्याकाळपर्यंत कुणाच्या तरी पिशवीतून घरी जातो, आणि नेणारी व्यक्ती बहुतेक वेळा प्रतिष्ठित असते. विचारायची सोय नाही. दुसरं म्हणजे अंक आला की लगेच वाटता येत नाही. बिल तपासा, दाखल रजिस्टरला नोंद करा, अंकावर दाखल क्रमांक घाला, पहिल्या पानावर शिक्का, ठरलेल्या गुप्त पानावर शिक्का, मग पाठपोट जाड कागदाचं कव्हर. निम्मे अंक तर पाडवा उलटून गेल्यावर येतात, कारण छपाईच लांबते. हे सगळं करणारी व्यक्ती एकच असते.

आता उघडं ठेवण्याबद्दल. "पाडव्याला कोण बसणार?" या प्रश्नावर कार्यकारिणीत क्षणभर शांतता पसरते आणि मग कुणीतरी म्हणतं, "बाई आहेत की." बाईंनाही भाऊ आहे हो. त्याला ओवाळायचं असतं. शासनाचं अनुदान दोन हप्त्यांत येतं, दुसरा हप्ता मार्चच्या तोंडावर. ऐन दिवाळीत आमच्या पगाराचा पत्ता नसतो. बखळभाऊ, तुमचा हेतू चांगला आहे, पण पत्रिका छापायच्या आधी तुमच्या ग्रंथपालांना एकदा विचारलंत का?

रांगडा गडी

बाईंना +१. एक नंबर बोलला.

रानजाई

दाखलनोंदताई, तुमचं सगळं पटलं. तरी माहेरवाशिणीच्या बाजूनंही कुणीतरी बोलायला हवं.

माझं माहेर असंच तालुक्याचं गाव. दिवाळीत गेले की पहिल्या दिवशी गप्पा होतात, दुसऱ्या दिवशी फराळ होतो, तिसऱ्या दिवशी पोरं मोबाईलमध्ये तोंड खुपसतात. वाचनालय घरापासून चार पावलांवर, आणि दाराला हे भलं मोठं कुलूप. वर फळा: "दीपावलीनिमित्त वाचनालय बंद राहील. वाचकांना हार्दिक शुभेच्छा." म्हणजे शुभेच्छा वाचा आणि घरी जा! मी पुण्याला परतले की ते उघडतं.

ग्रंथपाल बाईंना सुट्टी द्या, जरूर द्या. गावात निवृत्त शिक्षक आहेत, कॉलेजची पोरं आहेत. दोन-दोन तास वाटून घेतले तर होणार नाही का?

दाखलनोंद

होईल. पण रजिस्टर आणि पैसे यांना त्यांनी हात लावायचा नाही. बसून वाचू द्यायचं, घरी द्यायचं नाही. हिशोब चुकला की ऑडिटला उभं राहावं लागतं ते मला.

शाईपेन

इथं दोन गोष्टींची गल्लत होतेय असं वाटतं. प्रदर्शन वेगळं, वाटप वेगळं.

नवे अंक मांडायचेच कशाला? ते आले की दाखल करा आणि थेट सभासदांना द्या. फळ्यावर यादी लावा, ज्याला हवा त्यानं नावापुढं नंबर लावावा. मांडायचेत तर ते दोन कपाटांतले जुने काढा. ते कुणी घरी मागणार नाही, त्यामुळे कुणाचा नंबरही अडणार नाही. नवे वाटा, जुने मांडा.

आमच्या गावात एका वर्षी पाहुणे आले नाहीत म्हणून वेळ काढायला असंच केलं होतं. काही विशेष ठरवलं नव्हतं, जुने अंक सतरंजीवर पसरून ठेवले एवढंच. 'आवाज'मधली खिडकीचित्रं ठाऊक असतील. पानाला खिडकी कापलेली असते. वर एक चित्र दिसतं, मनात भलतंच येतं, आणि खिडकी उघडली की आत निरागस काहीतरी निघतं. सातवी-आठवीतली पोरं त्या खिडक्यांवर तुटून पडली. त्यांच्यामागे उभे असलेले बाप "अरे ते तुमच्यासाठी नाही" म्हणत होते आणि स्वतः मान लांब करून बघत होते.

दुसरी गर्दी जाहिरातींपाशी. केसांचं तेल, शिवणयंत्र, रेडिओ, बँकेच्या ठेवी. एक आजी एका साडीच्या दुकानाच्या जाहिरातीपाशी इतका वेळ उभ्या राहिल्या की शेवटी त्यांना खुर्ची आणून दिली. लग्नाचा बस्ता तिथंच बांधला होता म्हणाल्या. कथा-कवितांकडे फारसं कुणी बघितलं नाही, हे साहित्यप्रेमींच्या माहितीसाठी.

चिंचपेटी

"साहित्यप्रेमींच्या माहितीसाठी" :)) सोसल तेवढंच खरं बोलावं माणसानं.

सुईदोरा

शाईपेन यांची कल्पना झकास आहे, पण बांधणीचं काम करणारा माणूस म्हणून आधीच सावध करतो. जुने अंक सतरंजीवर म्हणजे काळजात धस्स झालं.

जुन्या अंकांना मध्यावर तारेच्या पिना असतात. त्या गंजतात आणि गंज कागद खातो. अंक सपाट उघडला की मधली दोन पानं पिनेपाशी टरकन सुटतात. त्यामुळे मांडण्याआधी पिना मागून सरळ करून हलक्या हातानं काढा, मध्ये पांढऱ्या सुती दोऱ्यानं तीन टाके घाला. दहा मिनिटांचं काम आहे. सुटलेल्या पानाला चिकटपट्टी लावू नका, लावू नका, लावू नका. दोन-चार वर्षांत ती पिवळी पडते, चिकटा कागदात मुरतो आणि अक्षरं घेऊन निघते. पातळ कागदाची पट्टी आणि गव्हाची खळ पुरते.

कपाट उघडल्यावर आधी कसर आणि वाळवी बघा. कसर लागलेले अंक बाकीच्यांपासून वेगळे ठेवा. कडक उन्हात टाकू नका, कागद करकरीत होऊन मोडतो. सावलीत वारा द्या. आणि डांबरगोळ्यांच्या वासात पोरांना तासभर बसवू नका, दोन दिवस आधी कपाट उघडं टाका.

अगदी जीर्ण असतील त्यांच्या मुखपृष्ठांच्या रंगीत झेरॉक्स काढून दोरीवर टांगा. मूळ अंक आतच राहू द्या.

शाईपेन

सुईदोरा, झेरॉक्सला विरोध नाही, पण मजा हात लावण्यात आहे. सगळंच काचेआड गेलं तर पोरं दारातूनच परततील.

सुईदोरा

मग दोन प्रती असतील त्यांतली एक हाताळायला ठेवा. तीही नसेल तर फाटकी ठेवा. प्रत्येक वाचनालयात फाटक्यांची कमतरता नसते.

अवांतरकर

वाचून झाल्यावर हात जोडून विनंती: वाचनालयाचं 'इव्हेंट'वालं कार्यालय करू नका. रांगोळी स्पर्धा, पाककला स्पर्धा, दिवाळी पहाट, सेल्फी पॉइंट. हे सगळं गावात इतर ठिकाणी होतंच की. १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन असतो, २०१५ पासून. त्या दिवशी सगळे हातात पुस्तक धरून फोटो काढतात. एका फोटोत पुस्तक उलटं होतं. वाचनालयानं शांत बसायची जागा द्यावी, दिवे चालू ठेवावेत, पंखा नीट असावा. बास. बाकी सगळा कार्यकारिणीचा हौसेचा कारभार.

सज्जाकोठी

अवांतरकर, तुमच्या शांत जागेत बसायला कोण येतंय ते सांगा. आमच्याकडे सकाळी पेपर वाचायला सहा आजोबा येतात आणि स्पर्धा परीक्षेची पोरं स्वतःचीच पुस्तकं घेऊन. नव्या वाचकाला आत यायला काहीतरी निमित्त लागतं.

निमित्त किल्ल्याचं घ्या. पोरं दिवाळीत किल्ला करतातच. पण सगळीकडे रायगड किंवा नुसताच 'किल्ला', वर महाराज, खाली मावळे, पायथ्याशी प्लास्टिकचा वाघ. २०२५च्या जुलैत युनेस्कोनं मराठ्यांचे १२ किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले: साल्हेर, शिवनेरी, लोहगड, खांदेरी, रायगड, राजगड, प्रतापगड, सुवर्णदुर्ग, पन्हाळा, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग आणि तमिळनाडूतला जिंजी. बारा चिठ्ठ्या करा. प्रत्येक गल्लीनं एक चिठ्ठी उचलायची, निघेल तो किल्ला करायचा. नकाशा आणि पुस्तक वाचनालयात बसून बघायचं. परीक्षणाला गेल्यावर पोरांनी आपल्या किल्ल्याबद्दल पाच मिनिटं बोलायचं.

आम्ही हे केलं. खांदेरी निघालेल्या गल्लीनं लग्नाच्या पंगतीची मोठी परात आणून तिच्यात पाणी भरलं आणि मधोमध विटांवर बेट उभारलं. सगळ्यात जास्त हाल जिंजीवाल्यांचे. त्यांना एक डोंगर पुरेना. राजगिरी, कृष्णगिरी, चंद्रगिरी असे तीन डोंगर आणि तिन्हींना कवेत घेणारा तट. पण राजाराम महाराज १६८९ मध्ये तिथं पोचले आणि वेढा पडूनही किल्ला १६९८ पर्यंत मोगलांच्या हाती लागला नाही, हे त्या गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही आता येतं. त्यासाठी कुणाला भाषण द्यावं लागलं नाही.

एक सूचना: चिठ्ठ्या वसुबारसेच्या आधी आठवडाभर काढा. हळीव पेरले की उगवायला चार-पाच दिवस लागतात. उशीर झाला की किल्ला बोडका राहतो.

रांगडा गडी

आमच्या पन्हाळ्यावर मांजरानं रात्रीत तळं केलं होतं. परीक्षकांना सांगितलं, सादोबा तलाव आहे.

चिंचपेटी

_/\_

मांडवीकाठ

गोव्याकडून थोडं. आमच्याकडे दिवाळीच्या आधीचे आठ दिवस सगळी तरुण पोरं नरकासुर बनवण्यात गुंतलेली असतात. रात्रभर काम, चतुर्दशीला पहाटे जाळतात, मग दिवसभर झोप. त्या दिवसांत वाचनालयात कार्यक्रम ठेवला तर खुर्च्या रिकाम्या. पणजीचं मध्यवर्ती ग्रंथालय १८३२ सालापासूनचं, तिथली गोष्ट वेगळी. गावाकडे भाऊबीज झाल्यावरचा आठवडा बरा. तेव्हा पोरं घरी कंटाळलेली असतात.

तेव्हा बखळ, आधी गावाची झोपेची वेळ बघा.

दूरदेशी

मी अमेरिकेत मध्यपश्चिमेकडच्या एका छोट्या गावात राहतो. इथली सार्वजनिक लायब्ररी आठवडाभर गजबजलेली असते आणि नाताळच्या आधी तर विचारू नका. दारातच एक काचेचं कपाट आहे. गावातली कुणीही व्यक्ती अर्ज करून महिनाभर ते सजवू शकते: कुणाचे जुने नाताळचे दागिने, कुणाची खेळण्यातली आगगाडी. ते एकदा आम्ही मराठी घरांनी मिळून दिवाळीसाठी घेतलं. पणत्या, आकाशकंदील, दोन दिवाळी अंक. गोरी पोरं काचेला नाक लावून बघत होती आणि विचारत होती, "हे वाचायला कुठून सुरुवात करायची?"

एक कल्पना घेण्यासारखी आहे. सणासुदीत बऱ्याच लायब्रऱ्या उशिराचा दंड पैशांत न घेता डबाबंद अन्न घेतात आणि ते गरजूंना देतात. लोकांची दडवलेली पुस्तकं आपोआप परत येतात.

खडूस पेन्शनर

आपल्याकडे दंडाऐवजी फराळ घ्यावा. एका पुस्तकाला दोन चकल्या. आमच्या घरी १९९४ सालचं एक पुस्तक आहे, त्याला अनारशांचा डबाच लागेल.

दाखलनोंद

पेन्शनरकाका, ते पुस्तक आणून द्या, फराळ आम्ही देऊ.

पण फराळ वाचनालयात नको, हे मी गंभीरपणे सांगते. बुंदीचा लाडू एक वेळ चालेल. चकली आणि चिवडा अजिबात नाही. तेलाचं बोट पानाला लागलं की तो डाग पुढच्या चार पानांवर उतरतो आणि कशानंही जात नाही. आमच्याकडे एका कादंबरीत नायिका रडते त्या पानावर शेवेची आकृती आहे. कुणाला खाऊ घालायचंच असेल तर बाहेर ओट्यावर, आणि आत येताना हात धुऊन.

दंडाऐवजी वस्तूची कल्पना मात्र मनात भरली. वह्या घेता येतील. आमच्या गावाला ऊसतोडीची कुटुंबं दिवाळीच्या सुमारास येतात, त्यांच्या पोरांना उपयोगी पडतील. दंड माफ करायला कार्यकारिणीचा ठराव लागेल, तो तुम्ही करू शकता.

अवांतरकर

वह्यांना माझी हरकत नाही. परात भरून समुद्र करायलाही नाही, कारण तो वाचनालयाबाहेर आहे. माझा मूळ मुद्दा कायम.

जुनी पेटी

अवांतरकर, वाचनालयानं वाचकाकडे चालत जाण्याची गोष्ट आजची नाही. बडोद्याला सयाजीरावांनी १९१० मध्ये अमेरिकेतून ग्रंथालयतज्ज्ञ विल्यम बोर्डन यांना बोलावून राज्यभर ग्रंथालयं उभी केली. त्यातल्या फिरत्या वाचनालयांच्या लाकडी पेट्या गावोगाव जात. एका गावचं वाचून झालं की पेटी पुढच्या गावी. मुलांसाठी स्वतंत्र खोलीही होती. तुमची शांत जागा हवीच, पण त्या जागेपर्यंत पोचू न शकणाऱ्यांचं काय? आमच्या गावात गुडघ्यांमुळे जिना चढू न शकणाऱ्या किमान दहा-बारा वाचक बायका आहेत, आणि वाचनालय पहिल्या मजल्यावर. दिवाळीत कॉलेजच्या पोरांनी पिशवीत दोन-दोन अंक घालून घरपोच दिले तरी पुष्कळ झालं.

अवांतरकर

हे पटलं. ह्याला कार्यक्रम म्हणू नका, म्हणजे माझ्या तत्त्वाला धक्का लागणार नाही.

सई सांगलीकर

लहान मुलांसाठी एक. 'किशोर' मासिकाचे १९७१ पासूनचे जुने अंक बालभारतीनं ऑनलाइन मोफत ठेवलेत. शाळेचा प्रोजेक्टर मागून आणला तर भिंतीवर दाखवता येतील. आईनं वाचलेली गोष्ट लेकीला, असं. आणि आकाशकंदील करायला शिकवा. कामट्या, पतंगाचा कागद, खळ. सुईदोरा खळ करणारच आहेत, थोडी जास्त करा म्हणावं.

सुईदोरा

करतो. मोरचूद घातलेली खळ मात्र पोरांना देऊ नका, ती विषारी, बांधणीची. त्यांच्यासाठी साधी वेगळी.

बखळ

मंडळी, उशीर झाला, काल पुन्हा सभा होती.

दाखलनोंदताई, तुमचा प्रतिसाद वाचून आधी आमच्या ग्रंथपालांकडे गेलो. त्यांनी तीन अटी घातल्या: लक्ष्मीपूजन आणि भाऊबीज या दिवशी त्या येणार नाहीत, पाडव्याला सकाळी तीन तास येतील पण त्याची बदली रजा आधी लेखी हवी, आणि उद्घाटनाचे हार-तुरे आणायला त्यांना पाठवायचं नाही. तिन्ही मान्य झाल्या. तिसरीवर सगळ्यात जास्त चर्चा झाली.

बाकी असं ठरलं. नवे अंक दाखल होतील तसे वाटायचे, प्रदर्शनासाठी अडवायचे नाहीत. जुने अंक मांडायचे, पिना काढून. त्यासाठी या रविवारी दुपारी सहा जण बसणार आहोत. किल्ल्यांच्या चिठ्ठ्या शुक्रवारी. भाऊबीजेला संध्याकाळी दोन निवृत्त शिक्षक हॉल उघडतील, फक्त बसून वाचण्यासाठी, कपाटाच्या किल्ल्या त्यांच्याकडे नसतील. घरपोच अंकांसाठी चार पोरं तयार आहेत, त्यातल्या एकाकडेच गाडी आहे. दंडाऐवजी वह्या हा ठराव लटकला. खजिनदार म्हणतात दंडाचं उत्पन्न बुडेल. गेल्या वर्षी किती आलं विचारलं तर बघून सांगतो म्हणाले.

उद्घाटन काही रद्द झालं नाही. पाहुण्यांना आधीच शब्द दिलाय. वेळ अर्ध्या तासावर आणली आहे.

खडूस पेन्शनर

अर्ध्या तासात १९०९ पर्यंतच पोचतील. चांगलंय.

रानजाई

भाऊबीजेला संध्याकाळी किती ते किती? ओवाळून झाल्यावर येता येईल अशी वेळ ठेवा.

बखळ

सहा ते आठ. वीज गेली तर इन्व्हर्टर आहे, पण पंखे चालत नाहीत.

खडूस पेन्शनर

किल्ल्याच्या स्पर्धेला वयाची अट आहे का? नातवाच्या नावानं भाग घेईन, पण दगड मीच रचणार.

सज्जाकोठी

आमच्याकडे अट नव्हती. काका, चिठ्ठी जिंजीची निघाली तर मात्र कुरकुर चालणार नाही.